गाली

सकाळी साडेसहाला विडी घरकुलात
आमचा छोटा हत्ती बसला तो उठेचना.
मागं टॉवेलचे अठ्ठावीस गठ्ठे,
नवाच्या आत मंगळवार पेठेत पोचले नाहीत
तर चिप्पाशेठ दुसऱ्याचा टेम्पो बोलावणार.

मल्लिनाथ तोंडात ब्रश ठेवूनच आला.
अक्का, बॅटरी गेली असंल. ढकलू का?

थांब म्हटलं. पुन्हा चावी मारली.
बॅटरी असती तर टिक टिक करून गप्प झाली असती,
हेडलाइट कावीळ झाल्यासारखे पिवळे पडले असते.
ही तर घर्र घर्र फिरत होती,
भुकेल्या माणसासारखी घाईनं,
फक्त घास आत जात नव्हता.

तरीही टर्मिनल उघडले.
पांढरी-हिरवी बुरशी चढली होती.
गरम पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश
(मल्लिनाथनं आपला पाठीमागं लपवला),
वरून अंगठ्यानं व्हॅसलीन.
फरक शून्य.
पण हात कामात असले की
डोकं जरा कमी ओरडतं.

नायना ओट्यावर बसून सगळं बघत होते.
एकतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर.
दोन्ही कान कारखान्यातच ठेवून आले,
या चिप्पाशेठच्या बापाकडं, पावती न घेता.
त्यांना स्टार्टर ऐकू येत नाही.
माझ्या शिव्याही येत नाहीत,
तेवढंच बरं.

उठले. लुंगीला हात पुसले.
बोटानंच खूण केली : मार.
मी चावी मारली
आणि त्यांनी डिझेलच्या नळीवर दोन बोटं ठेवली,
पूर्वी ताण्यावर ठेवायचे तशी.
दीड हजार धाग्यांतला तुटलेला एक
लाइट गेल्यावरसुद्धा त्यांना सापडायचा.

'गाली.'

मल्लिनाथला वाटलं, मला शिवी घातली.
तो एकदम ब्रश काढून उभा राहिला.
गाली म्हणजे वारा रे, आमच्या तेलुगूत.
नळीत वारा शिरलाय.

काल तुळजापूरहून येताना
काटा लालच्याही खाली गेला होता.
हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.
नळीनं सांगितलं.

मग दहा नंबरचा पाना.
स्क्रू दोन आटे सैल, पूर्ण काढायचा नाही.
खाली चहापत्तीचा रिकामा डबा.
प्रायमर दाब, दाब, अजून दाब.
आधी नुसता फेस,
मग बुडबुडे,
मग एक बुडबुडा, खूप वेळानं दुसरा,
आणि मग डिझेल,
अखंड, गाठ नसलेल्या सुतासारखं.
आवळ असं ते म्हणाले नाहीत,
माझं मनगट दाबलं.

तिसऱ्या चावीला हत्ती खोकला.
काळ्या धुराचा एक गोळा, मग विरळ, मग काही नाही.
निळा निघाला असता
तर दोन महिन्यांचे हप्ते त्यात गेले असते.
मल्लिनाथ ओरडला, झाली झाली!
नायनांनी पत्र्यावर तळवा ठेवला होता,
त्यांना त्याच्या आधीच कळलं होतं.

किती चालवलीस रिकामी?
मी तोंड त्यांच्याकडं करून म्हटलं, तीन किलोमीटर.
ते माझ्या ओठांकडं बघत राहिले.
कान गेल्यापासून माणसाचं खोटं
त्यांना आधी दिसतं.
अकरा, मी म्हटलं.

हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
आत गेले, भाकरी आणि शेंगाची चटणी बांधलेलं फडकं
सीटवर आणून ठेवलं,
आणि पाच लिटरचा मोकळा कॅन माझ्या पायाशी.
तो भर आधी, मग गठ्ठे.

उजवा इंडिकेटर गुरुवारपासून मेलेला.
अशोक चौकात मी हात बाहेर काढून वळले.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला.
हाताला अजून डिझेलचा वास होता.