पाठीवर काही नाही

सिस्टर म्हणाल्या, रोज व्यायाम करत जा.
केंद्रातल्या खाटेवर, एकोणिसाव्या दिवशी,
मला पहिल्यांदा हसू आलं.
बाई, मी लातूरच्या आडतीत हमाल आहे.
तेवीस वर्षं तूर, हरभरा, सोयाबीन
याच मणक्यावरून ट्रकात चढलंय.
फळीवरून वर, फळीवरून खाली,
आता आणखी कसला व्यायाम?

सिस्टर हसल्या नाहीत.
वहीत काहीतरी लिहीत म्हणाल्या,
तो पोत्याचा झाला. तुमचा कुठला?

घरी आलो तेव्हा शिवलीला पोलीस भरतीच्या तयारीत होती.
पहाटे साडेचारला बुटाच्या नाड्या आवळायची,
उजव्याचा तळ पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेला.
म्हणाली, अप्पा, नुस्तं घड्याळ धरा.

मोबाईलच्या काचेवर हिरवं बटण.
ती सुटली, आणि माझं बोट
बटणाच्या भोवती थरथरत राहिलं,
टेकायला जागाच सापडेना.
आठशे मीटर संपवून ती आली,
गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, किती?
मी म्हणालो, लई चांगलं पळलीस.
किती, अप्पा?
काचेवर शून्य. शून्य. शून्य.

ती काही बोलली नाही.
सात-आठ वर्षांची असतानाही अशीच पळत यायची
गूळ मार्केटामागच्या देशी दुकानापर्यंत,
आईनं बोलावलंय म्हणायला.
तेव्हा कुणी वेळ लावली असती
तर पोरगी तेव्हाच भरती झाली असती.

मग मीही चालायला लागलो तिच्या मागून.
पाठीवर काही नव्हतं
तरी मान खाली गेली,
उजवा खांदा वाकला,
बोटं आकडा धरल्यासारखी वळली.
एक फेरी मारून ती मागून आली, ओरडली,
अप्पा, हे काय करलालाव? सरळ चाला की.
सरळ.
ओझं नसताना अंग कसं धरतात
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
आडतीतून सुटलो की मी ते
थेट दुकानात नेऊन ठेवायचो,
तिथं ते आपोआप सैल व्हायचं.

संध्याकाळी सहाला हमाली वाटली जाते.
खिशात नोटा आल्या की पाय
जुन्या गल्लीकडं आपले आपण वळतात.
तेव्हा मी दाल मिलच्या भिंतीमागं जातो,
भुश्श्याच्या धुरळ्यात बैठका मारतो.
तिसापर्यंत तल्लफ माझ्यासोबत मोजते,
अगदी स्पष्ट, शाळेतल्यासारखी.
चाळीसला तिला धाप लागते.
एखाद्या दिवशी मला आधी लागते.
मार्गशीर्षात लागली होती.

ती रात्र मला अर्धीच आठवते.
उरलेली अर्धी घरातल्या दोघींना पाठ आहे.
सकाळी शिवलीला एकटीच गेली,
मोबाईल दगडावर टेकवून पळाली म्हणे.
तिसऱ्या दिवशी मी मैदानाच्या फाटकाशी उभा.
ती वॉर्मअप करत होती. करतच राहिली.
मग जवळ आली, मोबाईल हातात दिला,
आणि रेषेवर जाऊन उभी राहिली.

गफूरचाचा थप्पीवरून विचारतो,
दिवसभर उचलतोस ते पुरेना का?
वर पहाटे फुकट कशाला पळतोस?
फुकट.
मी पोतं खाली ठेवलं.
क्विंटलमागं नाही, गाडीमागं नाही,
कुठल्याच आडत्याच्या वहीत नाही.
सिस्टरना हा शब्द कळवायला पाहिजे.

आज थंडी होती. बोटं सदऱ्यात धरून गरम केली.
ती सुटली तेव्हा बटण दाबलं.
ती आली तेव्हा दाबलं.
किती?
तीन मिनिटं, चार सेकंद.
तिचं तोंड उतरलं.
अजून चौदा सेकंद काढायचेत, म्हणाली,
आणि बुटाचा सुटलेला तळ बघत खाली बसली.
मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठीच
आकडा पुन्हा वाचला.
मग म्हणालो, बूट काढ. माझ्याकडं सुतळी आहे.