नमुना मजकूर

घणसोलीत, मिठाईच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
चार वर्षं मी वेब डिझाइन शिकवलं.
फी अठ्ठावीस हजार, तीन हप्त्यांत.
हप्ता चुकला की पासवर्ड बंद,
आणि बंद करायचं काम माझ्याकडेच.

भावेश मढवीचा बंद केला त्या संध्याकाळी
खालून जिलबीच्या तुपाचा वास येत होता.
तो काही बोलला नाही.
पेनाला टोपण लावलं, टक् आवाज होईपर्यंत,
"येतो मॅडम" म्हणाला.
जातो म्हणायचं नसतं ना.

मग मी रात्री लिहायला बसले.
पैसे न घेता.
"फुकटचं कोण वाचतं गं," आई म्हणाली, भेंडी चिरता चिरता,
आणि लॅपटॉपशेजारी खोबरेल ठेवून गेली.

पहिला धडा तीनदा खोडला.
टॅग म्हणजे काय हे सांगताना
माझी मराठी एकदम कडक इस्त्रीची झाली :
"सदर घटकाचा प्रारंभ व समाप्ती..."
स्वतःलाच हसू आलं.
मग लिहिलं : डब्याचं झाकण. उघडलंस, तर लावायचंस.
नाही लावलंस तर पुढच्या सगळ्या पानाला आमटी लागते.

मार्जिनला समास होताच,
शाळेतल्या बाईंच्या लाल रेघेसकट.
पॅडिंगला काही सापडेना. अस्तर? कापूस? उशी?
चार दिवस पॅडिंग डोक्यात घेऊन फिरले,
आणि वाशीच्या बाजारात ते समोरच रचलेलं :
आंबा आणि फळी यांच्यामधलं गवत, ते पॅडिंग.
दोन पेट्यांमधून हमाल आडवा होऊन जाईल
एवढी वाट, तो समास.
फळीला बॉर्डर म्हटलं, आणि पाचवा धडा
एका बैठकीत झाला.

फोटो टाकले, मग काढले.
तळवलीच्या गल्लीत, तडकलेल्या काचेच्या फोनवर
एका दांडीच्या रेंजमध्ये उघडेल
तेवढंच ठेवलं.

सरावाला मजकूर हवा होता.
क्लासच्या नमुन्यांत लॅटिन असायचं,
कुणाला कळत नसे म्हणून कुणी वाचत नसे.
मी आमच्या सोसायटीच्या फळ्यावरचं उचललं :
"गुरुवारी सकाळी पाणी येणार नाही.
रहिवाशांनी भरून ठेवावे."
अकराही धड्यांत तेच.
शेवटी ठळक अक्षरांत : हे बदलायला विसरू नका.

सहा महिने आकडा सातवर होता.
त्यातली पाच वेळा मीच.
बाकीचे दोन कोण, याचा विचार
दात घासताना करायचे.

परवा ऐरोलीला वहिनीकडे बारसं.
पोळ्या कमी पडल्या म्हणून मला धाडलं.
सेक्टर आठ, पोळी-भाजी केंद्र,
काउंटरवर चिकटवलेला चौकोन, फोन धरला, पान उघडलं.
हळदी रंगाचा मथळा. दर नीट एका रेषेत.
प्रत्येक पदार्थाभोवती गवत, मोजून.
आणि खाली, "आमच्याविषयी" या शब्दांखाली :
गुरुवारी सकाळी पाणी येणार नाही.
रहिवाशांनी भरून ठेवावे.

"कुणी केलं हो हे?"
"वरच्या मजल्यावरची तन्मयी. अकरावीला आहे.
फोनवरच शिकली म्हणे."
भावेश नव्हे. मी पुन्हा विचारून पाहिलं.
"ते पाण्याचं काय आहे?"
"काय माहीत बाई. पण गिऱ्हाइकं वाचतात.
दोघांनी फोन करून आभार मानले."

मी काही सांगितलं नाही.
वीस पोळ्या घेतल्या, वर दोन त्यांनी घातल्या.
घरी आले, साडी बदलली,
आणि का कोण जाणे,
दोन बादल्या भरून ठेवल्या.

बुधवार होता.