दहा बाय सहा

खैरनार साहेब म्हणाले, असं काढा की माणूस जागीच थांबला पाहिजे.
नगरपालिकेची ऑर्डर, अर्धे पैसे आगाऊ,
आणि डॉक्टर भदाण्यांच्या मोबाइलमध्ये फोटो तयारच होता:
पैलाडची गाय, पोट उघडलेलं,
आत चारा नव्हता.
आत आख्खं अमळनेर होतं,
दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या,
एका साडीच्या दुकानाची पिशवी, नाव अजून वाचता येणारं.
ते नाव मी पुसलं. गिऱ्हाईक आहे ते माझं.
लाल मात्र थोडा वाढवला.

लावायचं कुठे?
होलसेलवाले शिरुडे म्हणाले, माझ्यासमोर नको, धंद्यावर येतं.
खानावळीने हात जोडले, लोक जेवतात हो इथे.
स्टँडसमोरची जागा कुणाच्या तरी वाढदिवसाने धरलेली.
उरली शाळेची भिंत.
भिंत नाही म्हणाली नाही.
पहिलीच्या वर्गाला तर कुणी विचारलंच नाही.

चार दिवस गाव थांबलं.
पाचव्या दिवशी माणसं त्या पोटाला पाठ टेकून
रिक्षाची वाट बघू लागली.
केळीवाल्याने सावली बघून गाडी लावली
आणि गायीच्या पुढ्यातच
डझन डझन केळी
पातळ काळ्या पिशवीत घालून देऊ लागला.
मोठ्यांचे डोळे लवकर बरे होतात.

मग बोरसे बाई आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत.
म्हणाल्या, तुमची गाय माझ्या वर्गात येते, डब्याच्या सुट्टीत.
तेजल पोळी हातात धरून बसते.
पोट उघडतं, हे तिला आता माहीत झालंय.
मी म्हणालो, बाई, त्यात खोटं काय?
रोज चिकनच्या दुकानावरूनच येतात ना ही पोरं?
बाई म्हणाल्या, खोटं आहे असं मी कुठे म्हटलं,
आणि उन्हात निघून गेल्या.

दुसरी गाय काढली. हसरी. शिंगाला रिबन.
कुणी रडलं नाही. कुणी वाचलंही नाही.
दोन्हीची बिलं मंजूर झाली.

मीही भ्यालो होतो एकदा.
आमच्या गावी चावडीवर नारूचं चित्र होतं,
पायातून निघणारा पांढरा दोरा, काडीला गुंडाळलेला.
दोन दिवस पाण्याला शिवलो नाही,
मायने फोक दाखवून पाजलं.
पण त्या चित्राखाली लिहिलं होतं, पाणी गाळून प्या,
आणि आमच्या घरात फडकं होतं.
भ्यालेल्या पोराला हाताला काही काम होतं.
अजून माठावर फडकं बांधतो,
नळाचं पाणी असलं तरी.

माझ्या गायीखाली मी काय लिहिलं होतं?
‘आतातरी जागे व्हा.’
सहा वर्षांच्या पोरीने
सकाळी साडेसातला, वेणी घालून, दप्तर घेऊन
अजून किती जागं व्हायचं?

काल संध्याकाळी ती दुकानाच्या पायरीवर उभी.
मशीन चालू होतं,
कुणाचा तरी वाढदिवस इंच इंच खाली उतरत होता,
ओल्या शाईचा वास.
कोपऱ्यात फाडलेल्या गायीची गुंडाळी.
तीही प्लास्टिकच. धुऊन पुसून द्या म्हणून
दोघे मागून गेलेत, मक्यावर टाकायला.
मी दिली नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

तेजलने दप्तर उघडलं.
चिप्सच्या पुड्या, पेपरमिंटचे कागद, शाम्पूच्या पुड्या,
एकेक चौघडी घातलेली,
पंधरा दिवसांच्या असतील.
“हाई कोठे टाकू?
कचराकुंडीमा गाय तोंड घालस.”
आणि मग खाली बघत, हळूच,
“तिना पोटमा मनीबी पुडी व्हती का?”

मी म्हणालो, नाही गं. दे इकडे.
तिने दिल्या. माझ्या दोन्ही ओंजळी भरल्या,
मागे मशीन थांबलं, छपाई झाली होती.
ती गेली नाही.
दारात उभी राहून बघत होती
मी त्या कुठे ठेवतो ते.