कुत्री कुठे झोपतात

नकाशा तयारच मिळाला होता,
परक्या देशातल्या एका पुस्तकात.
मी मापं तेवढी बदलली,
कोपऱ्यात नाव घातलं : लिंबर्ट कोंदोरी,
आणि काचेची भिंत दक्षिणेला,
जशी चित्रात होती तशी.

ओरुरोपासून तीन तास पुढे, चार हजार मीटर उंचावर,
जिथे पाणी लगेच उकळतं
आणि बटाटा शिजता शिजत नाही,
तिथे बायकांची रात्रशाळा बांधायची होती.
दिवसभर लामा राखायचे,
अंधार पडला की अक्षरं.

जुन्या शाळेवर पत्रा होता.
गारा पडायला लागल्या की शिक्षिकेचे नुसते ओठ हलायचे.
आणि जून-जुलैत पेन चालायचं नाही.
'काखेत धरून बसायचो,' लेओकादिया म्हणाली,
'अंड्यासारखं उबवायचं,
मग एखादं अक्षर फुटायचं.'

पायाची दोरी ताणली त्या दिवशी
सातुर्निना चोके येऊन उभी राहिली.
वय विचारलं तर म्हणते, मोजणारे मेले.
दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
'पोरा, कुत्री कुठे झोपतात ते पाहिलंस का?'

नव्हतं पाहिलं.
गावातली झाडून सगळी कुत्री
घराघराच्या उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून
उन्हात आडवी पसरलेली.
पृथ्वीच्या या खालच्या अंगाला
सूर्य हिवाळाभर उत्तरेनं चालतो.
शाळेत शिकलो होतो. मार्कही मिळाले होते.

ती हसली नाही.
हसली असती तर कमी लागलं असतं.

मग माती. मातीत इचू गवत, आणि तुडवायला गावभरचे पाय.
भिंत दीड वीत जाड,
बाहेरून काजळी आणि निवडुंगाचा चीक फासून काळी कुळकुळीत,
तिच्यापुढे चार बोटं जागा सोडून काच.
खाली भोकं, वर भोकं, भोकांना चिंध्यांचे बोळे.
सकाळी काढायचे, ऊन उतरलं की घालायचे :
हे काम नऊ वर्षांच्या इलारियोचं,
पगार रोज एक भाजलेला बटाटा,
आणि तो एकदाही विसरला नाही.
(मी दोनदा विसरलो.)

ऊन भिंतीत मुरायला वेळ घेतं.
दुपारी एकला आत शिरलेलं
रात्री आठ-नऊला पलीकडे पोचतं,
दमलेलं, पण पोचतं.

माझे वडील आयमारा बोलायचे.
त्या भाषेत होऊन गेलेलं डोळ्यांसमोर असतं,
कारण ते पाहिलेलं असतं;
आणि उद्या पाठीमागे, दिसणार कसा?
मी शहरात वाढलो. मला हे व्याकरण वाटायचं.

पहिल्या रात्री अकरा जणी आल्या
आणि काळ्या भिंतीच्या आतल्या अंगाकडे तोंड करून बसल्या.
फळा मी समोरच्या गार भिंतीवर ठोकला होता.
शिक्षिकेनं हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या.
एकही वळेना.
त्यांची दुपार त्यांच्यासमोर होती.

शेवटी शिक्षिकाच उठून तिकडे गेली,
खडूनं थेट भिंतीवर लिहिलं.
लेओकादियानं अक्षरावरून बोट फिरवलं,
मागे घेतलं, पुन्हा ठेवलं.
'हे कोमट आहे,' म्हणाली.

ऑगस्टच्या वाऱ्यानं दोन काचा फोडल्या,
तिथे आता प्लॅस्टिक फडफडतं.
शिक्षिकेची तक्रार आहे की नऊनंतर
अर्धा वर्ग भिंतीला टेकून घोरतो.
खरं आहे. मी पाहिलंय. उठवावंसं मलाही वाटलं नाही.

कचेरीला अहवाल हवा होता.
उपस्थिती या रकान्यात मी लिहिलं :
अकरा बायका, एक पोरगा,
अधूनमधून एखादं आजारी कोकरू.
नकाशाही पुन्हा काढून जोडला.
भिंत, काच, भोकं, सगळं प्रमाणात;
आणि आतल्या बाजूला, जमिनीलगत,
चार लांबट आकृत्या, खाली काही न लिहिता.
कचेरीतून पत्र आलंय :
ही कोणती सामग्री, खुलासा करावा.