तीन नंबरचा प्लग

पुईखडीच्या चढाला गाडी खोकली,
एकदा, दोनदा,
मग चढ संपेपर्यंत लंगडतच राहिली.
मागे अंड्यांचे ट्रे, एकशे चाळीस,
हळदीपासून पोरासारखे सांभाळत आणलेले,
आणि प्रत्येक हिसक्याला
मला मागचं असं काही ऐकू येत होतं
जे काचा बंद असताना ऐकू येतच नाही.

लक्ष्मीपुरीत मोजली. सव्वीस फुटलेली.
व्यापाऱ्यानं बिलातून वजा केली, बोलला काही नाही.
तो बोलला असता तर स्वस्तात सुटले असते.

उद्यमनगरात, दोन लेथच्या मधल्या बोळात
इलाही मुल्लाणीचं गॅरेज.
त्यानं सीट उचलली. खाली इंजिन.
आठ वर्षं मी त्याच्यावर बसून गाडी हाकली
आणि त्याचं तोंड आज बघत होते.

चारही प्लग काढून त्यानं
जुन्या वर्तमानपत्रावर मांडले,
ज्या भोकातून आले त्याच ओळीनं.
"ओळ मोडायची न्हाई, आक्का.
मोडली की कोण काय सांगत हुतं, कळत न्हाई."
एक, दोन आणि चार
बशीत वाळलेल्या चहाच्या रंगाचे.
तिसरा काळा. ओला.
बोट लावलं तर तेल.

स्पेअरच्या दुकानात काउंटरवर संकेत उपाध्ये,
त्यानं तीन डब्या ओळीनं ठेवल्या, सोनाराच्या हातानं.
साधा निकेलचा. प्लॅटिनम. इरिडियम.
"इरिडियम घ्या काकू, लाखभर किलोमीटर बघायला नको."
मी डोक्यात आकडा मांडला.
गाडी दोन लाख चाळीस हजार चाललेली.
प्लग आणखी लाखभर चालेल.
गाडी?
आणि क्लच दाबणारा हा गुडघा?
आपल्या मागं उरणारी वस्तू
आपणच पैसे मोजून कशाला आणायची.

तेवढ्यात इलाही हळूच म्हणाला,
"तिसऱ्याला एक नंबर गरम प्लग टाकू का?
तेल जाळून टाकंल. वरीसभर कळायचं न्हाई."
"कुणाला कळायचं न्हाई?"
तो हसला. "तुमास्नी."

आमच्या दिरांचा खोकला
गोळीवर गोळी देऊन दाबला होता आम्ही.
पावणे आले की म्हणायचे, बरे दिसतात.

"तसलं नको," मी म्हणाले.
"गॅसवर चालती गाडी, आधीच आत भट्टी.
चारी एका नंबरचे दे. कंपनीनं लिहिलाय तोच नंबर.
साधे. पुढच्या वर्षी पुन्हा येईन की.
आणि हेड श्रावणात उघडू,
तवा अंडी कोण खातंय?"

त्यानं गेजची पातळ पट्टी काढली,
प्लगची फट पॉइंट सातवर आणली,
टोकाशी बारकं ठोकत, डोळा मिटून, पुन्हा ठोकत.
एवढीशी जागा. तिच्यातून
चार हजार दोनशे अंडी चढ चढतात.

मग रबरी पाईपचा तुकडा घेतला,
त्यात प्लग खोचला आणि बोटांनी फिरवत भोकात सोडला.
"पाना का नाही लावत?"
"पाना लावला की माणूस दांडगा हुतोय.
प्लग तिरका लागला तर हा पाईपच घसरतो,
आटा ऱ्हातोय शाबूत."
शेवटची थोडी पिळ मात्र पान्यानंच,
मनगटानं, खांद्यानं नव्हे.

मजुरी दीडशे. वर एक ट्रे.
"फुटकी चालतील," म्हणाला, "आमलेटच करायचंय."

संध्याकाळी परत तोच चढ, पलीकडून.
रिकामे ट्रे नुसते खडखडत होते.
काळा प्लग डॅशबोर्डवर, कागदात गुंडाळलेला,
आणि नवे चारही सीटखाली आपापल्या पाळीनं पेटत.
गाडी एकदाही लंगडली नाही.
तरी मी रेडिओ लावला नाही.
तिसरा काय म्हणतोय,
श्रावणापर्यंत ऐकत राहायचं आहे.