पोटी

बाबा अर्जनवीस होते. जिल्हा कचेरीसमोर
कडुनिंबाखालचं त्यांचं टेबल आता माझं आहे.
एका पायाखाली अजून तीच वीट,
खणात त्यांची वही, पानं हळदीच्या रंगाला आलेली:

सारा सरकारचा. माफ होतो, विसरला जात नाही.
शेताला खंड. धान्यात दिला तरी खंडच.
अर्धं पीक दिलं तर बटई,
बटईत उंदरांचं खाणंही निम्मं-निम्मं.
शिंगाड्याच्या तलावाला ठेका;
तिथे पाणी मोजत नाहीत, वर्षं मोजतात.
बाजारात टोपली टेकवली की बैठकी,
डोक्यावर असेपर्यंत काही नाही.
इतवारीच्या मालधक्क्यावर पोती पडून राहिली तर डॅमरेज,
म्हणजे न हलल्याचं भाडं.
नझूलच्या जागेला भुईभाडं:
घर तुझं, घराखालचं तुझं नाही.
आणि एका पानावर, निळ्या शाईत, एकटंच,
"वर्षाला एक रुपया, मागितल्यास."
कोणी मागितला का, ते लिहिलेलं नाही.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं,
पोटभाडेकरू पोटात शिरतो कसा?
हसले नाहीत. म्हणाले,
मालकाच्या लेखी परवानगीनं.

काल तांडापेठेतून दोघं आले, एकाच ऑटोनं.
हर्षल पाटणे, घरमालकाचा पुतण्या,
त्याच्या मोबाईलमध्ये वकिलानं धाडलेला मजकूर.
आणि दशरथजी नंदनवार. आयुष्य हातमागावर गेलेलं,
अजूनही बाकावर बसले की पाय खाली काहीतरी शोधतात.
जागा दोन खोल्यांची. मागाचा खड्डा होता
तिथे आता फरशी.

रक्कम दोनशे दहा. तिच्याबद्दल वाद नाही.
मी टाइप केलं, "रुपये दोनशे दहा फक्त", आणि थांबले.
पुतण्या वाचून दाखवू लागला:
"वापर व भोगवट्याबद्दलच्या नुकसानभरपाईपोटी."

म्हाताऱ्यानं मान वर केली.
"कोनाचं नुकसान केलो जी मी?"

नोटीस दिलेली आहे काका, पुतण्या म्हणाला,
आवाज वाईट नव्हता त्याचा.
आता घेतलेल्या पैशाला भाडं म्हटलं
तर तुम्ही भाडेकरू ठरता.
"मंग मी कोन आहो?"
पुतण्यानं मजकूर वर-खाली सरकवून पाहिला.

दशरथजींनी पिशवीतून पावत्यांची गड्डी काढली,
सुताच्या धाग्यानं बांधलेली, गाठ विणकराची.
सगळ्यांत खालच्या पावतीवर बाबांचं अक्षर.
रुपये अकरा, माहे एप्रिल, भाड्यापोटी.
शेवटच्या 'टी'ची वेलांटी बाबा ओढत न्यायचे
कागदाच्या कडेपर्यंत,
मागून कोणी एखादा शब्द घुसवू नये म्हणून.

मला दोन्ही शब्द येतात.
दोन्हींची लिखाई वीस रुपये.
मी मधली जागा कोरी सोडली, पुढे नुसतं
"पोटी मिळाले" टाइप केलं,
आणि कळफलकावरून हात काढून घेतले.

पुतण्या कडुनिंबापलीकडे जाऊन फोनवर बोलत राहिला.
बराच वेळ. मध्ये एकदा "हो, पण" म्हणाला.
दशरथजींनी नोटा पुन्हा घड्या करून
तंबाखूच्या डबीत बसवल्या.
"पोस्टात जातो. मनिऑर्डर करतो.
वापस आली तं येऊ दे, फिरून करतो."
फॉर्मच्या खाली निरोपाला चार बोटं जागा असते.
"तूच लिही बाई. मशीननं नको,
तुह्या बापासारखं, हातानं."

पेन झटकावं लागलं दोनदा.
वेलांटी लांब ओढली. बाबांइतकी सरळ नाही आली.

संध्याकाळी महापालिकेचा पोऱ्या
टेबलाची पावती फाडून गेला.
रोज न बघता खणात टाकते. आज उजेडाकडे धरली.
छापलेलं होतं: तात्पुरत्या वापराबद्दल.

मी वाकून वीट हलवून पाहिली.
मातीनं धरून ठेवली होती.