लादी

भन्ते अनोमदीपांचं सातवं पुस्तक
भाषांतराला माझ्याकडे आलंय. पानामागे नव्वद रुपये,
मुदत वैशाख पौर्णिमेची.
मलपृष्ठावर वेल्समधली टेकडी, ओल्या मेंढ्या
आणि ते स्वतः, चीवराखाली हातविणीचा स्वेटर,
ओठ अजून डावीकडे कललेले,
नायगावच्या गच्चीवर पतंग कटला की व्हायचे तसे.

तेव्हा ते अनंता गमरे होते.
बारावी नापास, परळच्या हॉस्पिटलात बदली कामगार,
अकरा महिने, वॉर्ड नंबर नऊ,
माझ्या आईच्या हाताखाली.

आता त्यांच्या टेकडीवर
झुरिकहून, ओस्लोहून माणसं येतात,
चारशे पौंड भरतात,
फोन टोपलीत ठेवतात
आणि तीन दिवस, न बोलता, भोजनगृहाची लादी पुसतात.
एक सर्जन रडला म्हणे, खिडकीखालच्या कोपऱ्यात.
(पान एकशे नऊ.)

पहिल्या वाचनात मी हसले होते थोडी.
हातमोज्यांसाठी आई सतरा दिवस संपावर होती.
पण सर्जनचं रडणं खोटं नसावं;
खोटं वाक्य मराठीत यायला कुरकुरत नाही,
हे कुरकुरलं.

पान एकशे बारा:
'मागे मागे जात पुसा.
पुसलेलं तुमच्या समोर राहू दे.
त्यावर पाय देण्याची घाई
हेच सगळं दुःख.'
यातल्या पहिल्या दोन ओळी आईच्या आहेत.
पुढच्या दोन त्यांच्या, किंवा भगवंतांच्या.

आई म्हणायची, 'उलट्या पावलानं ये रं अनंता,
आन् बादलीचं भान ठेव.'
भान.
याचं त्यांनी तिकडे जे केलं
त्यावर आज परिषदा भरतात, ॲप निघतात,
आणि तोच शब्द मुंबईत परत आणताना
संपादक म्हणतात, सजगता लिहा.
मी भान लिहिते. ते खोडतात.
मी पुन्हा लिहिते.

त्याखालच्या ओळीत चार दिवस अडले.
'हे मला माझ्या पहिल्या टीचरनं शिकवलं,'
एवढंच आहे. नाव नाही.
इंग्रजीत टीचरला ना साडी ना मिशी.
मराठीला मात्र ते कळल्याशिवाय
क्रियापदापर्यंत पोचता येत नाही.
गुरू? आचार्य?
लिहिलं: 'माझ्या पहिल्या बाईंनी.'
शाळेतल्याही बाई, वॉर्डातल्याही बाई,
'ओ बाई, इथे सांडलंय' मधल्याही.
संपादकांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.
राहू दे.

गेल्या थंडीत ते आले होते, एक दिवस, विहारात.
आई पांढरं पातळ नेसून रांगेत.
गुडघे असून नसल्यासारखे,
तरी पंचांग प्रणाम, तीनदा.
भिक्खूनं उपासिकेपुढे वाकायचं नसतं,
उठायला हातही द्यायचा नसतो.
ते उभे राहिले. ओठ डावीकडे.
मग मागे सरले, एक पाऊल, दोन,
ती वाकली होती तेवढी लादी सोडून,
थेट दारापर्यंत, पाठ न फिरवता.
मागच्या रांगेला वाटलं, तब्येत बिघडली.
घरी येताना आई म्हणाली,
'चाल इसरला नाय.'

काल तिला पान एकशे बारा वाचून दाखवलं.
मेथी निवडत होती. सगळं ऐकलं.
मग म्हणाली, 'मधी पाणी बदलतात का तिकडं?
एकाच पाण्यानं पुसलं
तर घाण नुसती सरकते.'

शेवटच्या पानापर्यंत शोधलं.
पाण्याबद्दल भन्ते कुठेच काही लिहीत नाहीत.